एवढंसंच उरलंय, संपवून टाक

आमच्या घरात रात्रीची जेवणं आटोपली की भांड्यांच्या तळाशी जे काही राहायचं, त्याला एकच कायदेशीर वारस होता. तो म्हणजे मी. पातेल्यात पळीभर आमटी, कढईला धरलेली वांग्याची भाजी, लेकीनं मधलं मधलं खाऊन ठेवलेल्या पोळीच्या कडा, लेकाच्या ताटातला "मला वाटलं संपेल" असा भात. सासूबाई पातेलं दिव्याकडे तिरकं धरून तपासायच्या आणि म्हणायच्या, "अगं, एवढंसंच उरलंय, संपवून टाक. एवढ्यासाठी कुठे वाटी भरवतेस?" वाटी भरवली तर ती घासायला लागते, तिला फ्रीजमध्ये जागा लागते, आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळे तिच्याकडे ओळख नसल्यासारखे बघतात. त्यापेक्षा माझं पोट सोयीचं. हाताशी होतं, घासायला लागत नव्हतं आणि नाही म्हणत नव्हतं.

वजन कशानं वाढलं, असं कुणी विचारलं की मी थायरॉईड सांगते, दोन बाळंतपणं सांगते, बँकेतली बैठी नोकरी सांगते, माहेरची अंगकाठी सांगते. यातलं काहीच खोटं नाही. पण जेवण संपल्यावर मी जे दुसरं जेवण जेवत होते, त्याची नोंद कुठल्याच रिपोर्टात नाही. मला स्वतःलाही ते जेवणात धरायची सवय नव्हती. ती आवराआवर होती. ओटा पुसला, गॅस बंद केला, भात संपवला.

सासूबाईंचं वजन मात्र लग्नात होतं तेवढंच आहे, असं त्या सांगतात. पुरणपोळीवर तुपाची धार सोडतात, वर आणखी एक पोळी घेतात, आणि दुपारी चारला "कोरडंच काहीतरी" म्हणून लाडू खातात. जगात न्याय नाही याचा पुरावा म्हणून त्यांना कुठेही उभं करता येईल.

माझी साखर वाढली, गुडघे बोलायला लागले, आणि झोपेत माझा श्वास मधेच थांबतो असं आमच्या ह्यांनी डॉक्टरांना सांगितलं. (घोरण्याबद्दलची तक्रार त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं.) मग बीएमआय निघाला. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित 19व्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी मांडलं, आणि ते खगोलशास्त्रज्ञ होते. आकाशातले गोल मोजून झाल्यावर त्यांना जमिनीवरचे आठवले असणार. 2022 साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी नव्यानं ठरवल्याप्रमाणे बीएमआय 35 किंवा त्याहून जास्त असला की दुसरा आजार असो-नसो, शस्त्रक्रिया सुचवता येते. आपल्या आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी ही रेषा आणखी खाली ओढलीय, 27.5वर. माझा आकडा या दोन्ही रेषा ओलांडून चाळिशीच्या घरात सुखानं नांदत होता.

पुण्यातल्या सर्जननी कागदावर जठराचं चित्र काढलं. एक फुगीर पिशवी. मग तिच्यातून उभी रेघ मारली आणि रेघेच्या पलीकडचा सगळा भाग खोडून टाकला. पाचातले जवळजवळ चार भाग जाणार. उरणार ती केळ्याच्या आकाराची नळी, सुरुवातीला शंभर ते दीडशे मिलिलिटर मावेल एवढी. म्हणजे आमटीची एक वाटी. याला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. आयुष्यभर उरलंसुरलं संपवणाऱ्या बाईचं आता जठरच उरल्यासुरल्यातलं होणार होतं.

"आणि कापलेली बाजू शिवता कशानं?" सासूबाईंनी विचारलं. त्या मुद्दाम सांगलीहून आल्या होत्या.

"शिवत नाही, आजी. स्टेपलर असतो. टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या रांगा बसतात, आणि त्या आतच राहतात."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. हे पाटबंधारे खात्यात असल्यामुळे स्टेपलरबद्दलचा अधिकार घरात त्यांच्याकडे आहे. त्यांनी मान डोलावली. "म्हणजे हिच्या पोटात टाचण्या मारणार," सासूबाईंनी निकाल दिला, आणि त्या दिवसापासून आमच्या खानदानात या शस्त्रक्रियेचं नाव टाचण्यांचं ऑपरेशन असं पडलं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ आणि मोजकं खायचं होतं. जठरावर यकृताचा एक भाग येतो. आमच्यासारख्यांचं यकृत चरबीनं जड झालेलं असतं, ते उचलून धरायला सर्जनना त्रास होतो. कमी खाल्लं की ते आकसतं. हे सगळं आहारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितलं. पण त्याच दोन आठवड्यांत नातेवाइकांनी माझी केळवणं मांडली. "आता पुढे बिचारीला काही खायला मिळायचं नाही," हा त्यामागचा शुद्ध विचार. नणंदेनं नरसोबाच्या वाडीहून बासुंदी आणि कवठाची बर्फी आणली, जाऊबाईंनी तांबडा-पांढरा केला, शेजारच्या काकूंनी ताटाभोवती रांगोळी काढून ओवाळलंसुद्धा. मी समोर ताकाचा पेला घेऊन बसले होते. माझ्या केळवणाला बाकीचे सगळे पोटभर जेवले.

शस्त्रक्रियेबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, कारण मी झोपले होते. शुद्धीवर आल्यावर त्याच संध्याकाळी नर्सबाईंनी उठवून चालायला लावलं. पायांतल्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. सासूबाईंच्या पिढीनं बाळंतिणीला सव्वा महिना पाय खाली टेकू दिला नव्हता. त्या कॉरिडॉरमध्ये माझ्या मागून "अहो, पडेल ती, पडेल ती" म्हणत चालत होत्या, त्यामुळे त्यांचंही चालणं झालं. मग फुफ्फुसांचा व्यायाम. प्लास्टिकच्या तीन नळ्यांत तीन चेंडू, आणि श्वास आत ओढून ते वर उचलायचे. पहिल्या दिवशी माझा एकच चेंडू कसाबसा हलला. आमच्या ह्यांना राहवलं नाही. दुकानातून स्वतःसाठी दुसरं यंत्र आणून त्यांनी छातीत हवा भरली आणि जोरात फुंकर मारली. चेंडू जागचे हलले नाहीत. "यंत्र बिघडलेलं दिलंय," असं त्यांनी जाहीर केलं आणि ते परत करायला निघाले.

सगळ्यात जास्त दुखलं काय, तर उजवा खांदा. पोटाच्या ऑपरेशनमध्ये खांदा दुखावा हे कुणालाच पटेना. दुर्बिणीतून काम करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. त्यातला थोडा मागे राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला डिवचतो. त्या पडद्याची नस मानेतून आलेली असल्यामुळे मेंदूला वाटतं, खांदाच दुखतोय. नर्सबाईंनी एवढं सगळं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गॅसच ना? मग सरळ सांगा की," आणि पर्समधून ओव्याची पुडी काढली. ती पुडी जप्त झाली. घरी सोडताना हॉस्पिटलनं सन्मानानं परत केली.

पुणे ते सांगली गाडीनं येताना वाटेत उतरून उतरून चालायची सूचना होती. आता या रस्त्याचा दोष असा, की तिथं उतरण्याजोगी प्रत्येक जागा खाण्याची आहे. खंबाटकीच्या अलीकडे थांबलो, तिथं वडा. साताऱ्यात थांबलो, "थांबलोच आहोत तर" म्हणून कंदी पेढे. कराडला मिसळ. पेठ नाक्याला चहा आणि कांदाभजी. मी प्रत्येक ठिकाणी औषधाचा तीस मिलिलिटरचा कप हातात धरून गाड्यांच्या रांगेतून फेऱ्या मारत होते, आणि माझं कुटुंब काचेपलीकडून काळजीनं माझ्याकडे बघत खात होतं. सांगली येईपर्यंत ह्यांना करपट ढेकर सुरू झाले. ओव्याची पुडी शेवटी सत्कारणी लागली.

घरी आल्यावर मुख्य काम पाणी पिणं. दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पोटात जायला हवं, पण एका वेळी जाणार दोन-तीन घोट. म्हणजे जागेपणी पूर्णवेळ हीच नोकरी. त्यात आम्ही वरून पाणी पिणारी माणसं. तांब्या उचलायचा, मान मागे टाकायची आणि गटगट धार सोडायची. सासूबाईंच्या राज्यात भांड्याला तोंड लावणं म्हणजे उष्टं. आता वरून प्यायलं तर पाण्याबरोबर हवा जाते आणि ती नळी फुगून छातीत कळ येते. म्हणून माझा पेला वेगळा काढण्यात आला, त्याला लाल दोरा बांधला, आणि तो देव्हाऱ्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवला गेला. नोंद ठेवायचं ह्यांनी अंगावर घेतलं. सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलाखालची पातळी जशी तासातासाला कळवतात, तसं त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळ्यावर "सकाळी 11 वाजता आवक 420 मिली" असं लिहायला सुरुवात केली. पुलाची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. आमच्याकडे उलट हिशेब होता. पातळी कमी दिसली की धोका. संध्याकाळी आकडा घसरला तर ऑफिसातून फोन यायचा, "विसर्ग वाढवा."

आधी पाण्यासारखं पातळ, मग जरा दाट, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दोन महिन्यांनी माणसांसारखं, असा खाण्याचा क्रम असतो. मुगाचं कढण, गाळलेलं ताक, नाचणीचं पातळ आंबील यांवर बरं चाललं होतं. मिक्सरची पायरी आली तेव्हा नणंदेचा फोन आला, "वहिनी, म्हणजे तुमचं उष्टावणच की!" तिनं गमतीनं म्हटलं. पण ते माझ्या माहेरी पोचेपर्यंत त्यातली गंमत गळून गेली. रविवारी सकाळी माझा भाऊ चांदीची वाटी-चमचा घेऊन मिरजेहून हजर. उष्टावण मामानं करायचं असतं. माझा भाऊ माझा मामा लागत नाही, हे सात-आठ माणसांच्या घोळक्यात कुणालाही सुचलं नाही. मिक्सरमधून काढलेल्या वरणभाताचा पहिला चमचा मी त्याच्या हातून घेतला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सासूबाईंनी माझ्या गालाला काजळाची तीट लावली. दुसऱ्या चमच्याला मी हात वर केला. पोट भरलं होतं.

खरा पेच निर्माण झाला तो रात्री. जेवणं आटोपली, सासूबाईंनी पातेलं तिरकं धरलं, तोंड उघडलं आणि त्या गप्प बसल्या. पातेल्यात पळीभर आमटी होती आणि तिला जायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी वाटी भरली. दुसऱ्या दिवशी दोन भरल्या. पुढे पुढे फ्रीज उघडला की झाकणं घातलेल्या वाट्यांची एक वसाहतच दिसायची. कुठली आमटी कोणत्या वाराची, यावरून वाद व्हायला लागले. आम्ही घरात पाच माणसं. स्वयंपाक मात्र रोज सहा माणसांचा होत होता, आणि हे वीस-बावीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सहावं माणूसही मीच होते.

मग वारसाहक्क आपोआप पुढच्या नावावर गेला. हे टीव्ही बघताना "दे इकडे, टाकायचं कशाला" म्हणत वाटी घेऊन बसायला लागले. माझे आकडे खाली येत होते आणि त्यांचा पट्टा भोकाभोकानं पुढे सरकत होता. घराचं एकूण वजन कायम ठेवण्याचा काही निसर्गनियम असावा. पुढच्या तपासणीला पुण्याला गेलो तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी माझी फाईल बाजूला ठेवून ह्यांना काट्यावर उभं केलं. परतीच्या वाटेवर साताऱ्यात गाडी थांबली नाही.

आहारतज्ज्ञ बाईंशी सासूबाईंचा पहिला खटका उडाला तो ताटावरून. आपल्या ताटाला घटना आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मधे भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. सुरुवात साध्या वरणभातानं. बाईंचं म्हणणं, आधी प्रथिनं. दिवसाला निदान 60 ग्रॅम हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून आधी पनीर, अंडं, उसळ, दही. मग भाजी. भात आणि भाकरी सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. जागा उरत नाही, हे बाईंनाही माहीत होतं. "म्हणजे हिनं आता भात बघायचा फक्त?" सासूबाईंनी विचारलं. बाई म्हणाल्या, "बघायला हरकत नाही."

दुसरा खटका आमटीवरून. जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. नाहीतर पाण्याच्या जागेपायी अन्नाची जागा जाते. मान्य. पण मग आमटी हे पाणी की जेवण? झुणका जेवण, पिठलंही जेवण, पण पातळ पिठलं? कोल्हापूरचा पांढरा रस्सा? होळीच्या तोंडावर कटाच्या आमटीवरून घरात उभे दोन गट पडले. ह्यांच्या मते जे वाटीतून ओठांना लावता येतं ते पाणी. सासूबाईंच्या मते ज्यात गरम मसाला पडला ते पाणी असूच शकत नाही. शेवटी व्हिडीओ कॉलवर बाईंना वाटी तिरकी करून दाखवली. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "यात गूळ किती आहे?" दोन्ही गट हरले.

आषाढी एकादशीला तिसरा खटका उडायचा होता, पण बाईंनी साबुदाण्याला नुसता पिठूळ पदार्थ म्हणून नकार दिल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ दे. हिची रोजच एकादशी, आणि आमची दुप्पट खाशी."

भुकेबद्दल सगळे विचारतात. भूक लागत नाही का? सुरुवातीला खरंच लागत नाही. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक असतं. 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि माझा तो भाग पुण्यातच राहिला. (सांगलीची वस्तू पुण्यात जाऊन कायमची स्थायिक होणं हे तसं नेहमीचंच.) पण घ्रेलिन गेलं तरी पाच वाजायचे थांबले नाहीत. पाचाला चहा, चहाबरोबर भडंग, हे माझ्या जठराला नव्हे, हाताला पाठ होतं. मी बोलत असायचे दुसऱ्याच विषयावर आणि हात डब्याचं झाकण फिरवत असायचा. आहारतज्ज्ञ बाई याला डोक्याची भूक म्हणतात. डोक्याचं ऑपरेशन त्यांच्याकडे नाही. त्यांनी सांगितलं, त्या वेळेला हाताला दुसरं काम द्या. मी लोकरीचं विणकाम सुरू केलं. सांगलीच्या उन्हाळ्यात आमच्या घरात आता सहा मफलर आहेत.

पुण्यात मावससासूबाईंकडे उतरलो की मला पथ्याचं काही ओझं वाटत नाही. त्या विचारतात, "काही घेणार का?" मी म्हणते, "नको." त्या म्हणतात, "बरं." आणि विषय संपतो. आमच्याकडे 'नको' हा वाढपाचा पहिला टप्पा असतो. पुण्याच्या या गुणाची आजवर उगाच चेष्टा झाली. या शस्त्रक्रियेनंतर निदान महिनाभर तिथंच ठेवायला हवं.

गोळ्या मात्र जन्मभर. बी-12 शोषून घ्यायला जो घटक लागतो तो जठरातच तयार होतो, आणि जठर उरलंय एवढंसं. म्हणून बी-12 बाहेरून. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजची मल्टिव्हिटॅमिन. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सुरुवातीचे काही महिने आणखी एक. त्यात लोह आणि कॅल्शियम यांचं पटत नाही. एकत्र घेतली तर कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. दोघांत दोन तासांचं अंतर हवं. लोहाचं चहाशीही वैर. हे वेळापत्रक सासूबाईंनी ताब्यात घेतलं, कारण रुसलेल्या माणसांना एका पंक्तीला न बसवण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे. त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या दोनच गोळ्या. शेजारणीला त्या थोड्याशा असूयेनं सांगतात, "हिच्या सहा आहेत."

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. एवढं वजन झटपट उतरलं की शरीर घाबरून केसांचा कारखाना काही काळ बंद ठेवतं, पुढे ते परत येतात, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नातेवाइकांनी माका, जास्वंद आणि कांद्याचा रस पाठवला. केस यथावकाश परत आले आणि तिघांनी श्रेय वाटून घेतलं.

माझं वजन हा आमच्या समाजात सार्वजनिक विषय होता आणि आहे. पूर्वी, "जरा जिभेवर ताबा ठेव." आता, "काय गं, गालफडं बसली, बरं आहे ना सगळं?" ज्या काकू दहा वर्षं मला गरम पाणी-लिंबू-मध सांगत होत्या, त्याच म्हणाल्या, "आधी भरलेली छान दिसायचीस." हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर बराच खर्च वाचला असता. आणखी एक जमात आहे, तिचं मत असं की हा शॉर्टकट झाला. रोज तासभर चालली असती तर आपोआप उतरलं असतं. मी चालतेच, तासभर. शिवाय प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावते, घोट मोजते, गोळ्यांची दोन-दोन तासांची अंतरं सांभाळते आणि ठरल्या वेळी रक्त देऊन येते. मरेपर्यंत पुरेल इतका लांब शॉर्टकट मी दुसरा पाहिलेला नाही.

वजन उतरण्याचा माझ्याइतकाच धक्का बसला तो आमच्या शिंपीकाकांना. वर्षानुवर्षं ते माझ्या ब्लाउजांत आत बोटभर कापड जास्त ठेवत आले होते, आणि दर दिवाळीला शिलाई उसवून त्यातलं थोडं बाहेर काढत. या वर्षी मी "आत घ्या" म्हटल्यावर त्यांनी टेप दोनदा फिरवला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. महिन्याभरात पुन्हा गेले, तेव्हा म्हणाले, "ताई, थांबा आता. तुम्ही एका जागी टेकल्याशिवाय मी कात्री लावत नाही. तोवर टाचणी लावून चालवा." म्हणजे आत टाचण्या आणि बाहेरही टाचण्या. जोडवी तर चालता चालता निघून पडायला लागली. एक गणपती मंदिराच्या पायरीवर सापडलं. सासूबाईंनी दोन्ही जोडव्यांना दोरा गुंडाळून घट्ट केली आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्यांच्या मुलाला सोडून निघालेच आहे.

या सगळ्या पथ्याची खरी परीक्षा नणंदेच्या मुलीच्या लग्नात झाली. हल्ली मंगल कार्यालयात टेबल-खुर्चीची पंगत असते, आणि तुम्ही पहिला घास घेतलात की दुसऱ्या पंगतीचा माणूस येऊन तुमच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकतो. तो तुमच्या ताटाकडे बघतो. तुमच्या कोशिंबिरीचा हिशेब त्याच्याकडे असतो. माझ्या मागे एक उंच गृहस्थ येऊन उभे राहिले. माझं ताट बघून त्यांना आनंद झाला असणार, कारण त्यात मटकीची उसळ दोन चमचे, पनीरचे तीन तुकडे आणि काकडी एवढंच होतं. दोन मिनिटांत खुर्ची मिळणार. मग मी चावायला सुरुवात केली. शेजारची जाऊबाई मसालेभात संपवून जिलेबीवर आली, तेव्हा मी दुसऱ्या तुकड्यावर होते. गृहस्थांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. जाऊबाई उठल्या, त्यांच्या जागी कुणी बसलं, त्याला मठ्ठा वाढला गेला, आणि गृहस्थ मागून हळूच म्हणाले, "वहिनी, चव नाही का पनीरला?"

त्यात पोट भरत आलं की माझं नाक वाहायला लागतं. ही त्या नळीची सूचना देण्याची पद्धत. काहींना उचकी लागते, काहींना शिंका येतात, मला नाक. रुमाल लावला, डोळेही पुसले, आणि तेवढ्यात सनईवाल्यानं काहीतरी हळवं लावलं. समोरच्या पंगतीतून कुजबुज झाली, "मुलीची मामी बघ, किती जीव लावलाय पोरीवर." दोन बायका येऊन माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या. एकीनं डोळे पुसले. पाचव्या मिनिटाला आमच्या कोपऱ्यात नवरीचं जाणं सहन न होणाऱ्या सात बायका जमल्या होत्या. नवरी अजून स्टेजवर फोटो काढून घेत होती.

आणि मग व्याही आले. हातात जिलेबीचं ताट, मागे तुपाचं भांडं धरलेला एक पोरगा. नको म्हटलं. त्यांनी एक जिलेबी उचलली. पोटावर हात ठेवून नको म्हटलं. ती ताटाच्या वर आली. गोड गोष्ट या नळीतून सरळ लहान आतड्यात घसरते, साखर आपल्याकडे पाणी ओढून घेते, छाती धडधडते, दरदरून घाम येतो, आणि पुढचं पंगतीत बोलण्यासारखं नाही. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. असे हट्टी यजमान भेटले की मी न बोलण्यासारखं तेच तपशिलात सांगते, आणि त्याचा गुण येतो. मी सुरुवात केलीही होती. पण व्याही घामापर्यंतच पोचले होते, तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूनं एक बारीक, सुरकुतलेला हात जिलेबी आणि माझं ताट यांच्या मधे आला.

"तिला आग्रह करायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या पोटात टाचण्या आहेत."

व्याही दचकून मागे सरकले. खुर्चीमागचे गृहस्थही. टाचण्या कुणी गिळायला लावल्या, याचा अर्थ दोघांनीही आपापल्या परीनं लावला असावा, कारण व्याह्यांनी सासूबाईंकडे जरा भीतीनं बघितलं.

सासूबाईंनी आपलं रिकामं ताट पुढे सरकवलं. "तिच्या वाटणीचं मला वाढा. आणि तूप वेगळ्या वाटीत."